स्टॅलिनचा 'अंकल जो' कसा काय झाला? (अमेरिका, १९४१ ते ४५)

सराफ्यातली_खवय्यी (इंदूर)

मंडळी, एक प्रश्न आहे, इतिहासवाल्यांनी जरा वेळ काढून उत्तर द्या. परवा यूट्यूबवर 'मिशन टू मॉस्को' नावाचा जुना पिक्चर बघितला, १९४३ चा, वॉर्नर ब्रदर्सचा. मला वाटलं लढाईचा असेल, तोफा, रणगाडे वगैरे, तर हा अख्खा पिक्चर म्हणजे स्टॅलिनची वकिली. जोसेफ डेव्हिस म्हणून अमेरिकेचा मॉस्कोत राजदूत होता १९३६ ते ३८, त्याच्याच पुस्तकावरून काढलाय आणि सुरुवातीला तो स्वतः पडद्यावर येऊन सांगतो की मी जे पाहिलं ते खरंखुरं तुमच्यापुढे ठेवतोय. मग मॉस्कोचे खटले दाखवलेत, म्हणजे स्टॅलिनने आपल्याच जुन्या साथीदारांवर भरलेले, सगळे आरोपी छान शांतपणे कबुली देतात की हो आम्ही जर्मनी-जपानला फितूर होतो, आणि आपले राजदूतसाहेब मान डोलावतात. त्यात रशियन फौजेचा मार्शल तुखाचेव्स्की पण भर कोर्टात उभा दाखवलाय! मी नंतर शोधलं, त्या बिचाऱ्याचा खटला जून १९३७ ला बंद दाराआड झाला आणि लगेच गोळी घातली. म्हणजे जो खटला कोणी बघितलाच नाही तो यांनी कॅलिफोर्नियात सेट लावून बघून पण घेतला. आणि शेवटी स्टॅलिन येतो, पाइपवाला, मऊ आवाजाचा, एकदम वाड्यातले थोरले आजोबा.

आता माझा प्रश्न. हाच माणूस ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशी करार करतो, दोघं मिळून पोलंड वाटून घेतात, मग फिनलंडवर चढाई, डिसेंबरमध्ये लीग ऑफ नेशन्समधून रशियाची हकालपट्टी. टाइम मासिकाने १९३९ चा 'मॅन ऑफ द इयर' त्यालाच केला होता पण तो काही कौतुकाचा नव्हता. आणि तीन वर्षांनी, १९४२ चा मॅन ऑफ द इयर पुन्हा तोच, आता मात्र हीरो, लाडाने 'अंकल जो' (जोसेफचा जो). हे झालं कसं? वरून हुकूम सुटला का लोकांनी आपणहून डोक्यावर घेतला?

माझा भाचा एमपीपीएससीची तयारी करतोय तो म्हणतो सोप्पं आहे आत्या, शत्रूचा शत्रू तो मित्र. पण याने दोस्ती समजते, भक्ती कुठे समजते. शस्त्रं द्या, करार करा, कोण नाही म्हणतं, पण त्याला संत कशाला बनवायचं? आणि बनवला तर मग युद्ध संपल्यावर दोनतीन वर्षांत परत राक्षस कसा केला, लोकांना काही वाटलं नाही का?

गोपाचल (ग्वाल्हेर)

ताई, चांगला विषय काढलात. हुकूम आणि हौस दोन्ही होतं, आणि त्यात सरकारचा हात कसा चालायचा ते बघण्यासारखं आहे.

जून १९४२ मध्ये अमेरिकेत ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन सुरू झालं. त्यांचं हॉलीवूडसाठी वेगळं खातं होतं, आणि स्टुडिओंना एक सूचनापुस्तिका दिली होती ज्यात मुख्य सवाल एकच, हा पिक्चर युद्ध जिंकायला मदत करेल का. सक्ती म्हणाल तर नव्हती. पण पिक्चर परदेशात पाठवायला सेन्सॉर ऑफिसचं लायसन लागायचं, आणि परदेशातली कमाई कोण सोडतो, त्यामुळे स्टुडिओवाले आधीच स्क्रिप्ट दाखवून मोकळे व्हायचे. तुम्ही बघितलेल्या पिक्चरमध्ये तर डेव्हिसला स्क्रिप्टवर स्वतःचा शब्द चालवायचा हक्क होता, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टशी त्याची उठबस होती, आणि पिक्चर तयार झाल्यावर मे १९४३ मध्ये हा माणूस रीळ घेऊन मॉस्कोला गेला आणि खुद्द स्टॅलिनला दाखवून आला. स्टॅलिनने तिकडच्या थेटरात लावायची परवानगी पण दिली. विचार करा, रशियन लोक अमेरिकन पैशाने काढलेला आपल्याच साहेबाचा गौरवपट बघून राहिले आहेत.

पण मला यापेक्षा मासिकं जास्त बोलकी वाटतात, कारण पिक्चरमध्ये निदान नाटक असतं हे लोकांना माहीत असतं. लाइफ मासिकाचा २९ मार्च १९४३ चा अंक बघा, नेटवर स्कॅन केलेला आहे. अख्खा अंक रशियावर, कव्हरवर स्टॅलिनचा फोटो. आणि लाइफ म्हणजे हेन्री लूसचं, तो काही डावा नव्हता, पक्का रिपब्लिकन, मिशनऱ्याचा मुलगा, कम्युनिस्टांचं नाव काढलं तर अंगाचा तिळपापड होणारा. त्याच्या मासिकात लिहिलंय की रशियन लोक बरेचसे अमेरिकनांसारखे दिसतात, अमेरिकनांसारखे कपडे घालतात, अमेरिकनांसारखा विचार करतात. आणि एनकेव्हीडी, म्हणजे ती स्टॅलिनची गुप्त पोलीस, रात्री दार ठोठावणारी, तिची ओळख काय करून दिलीय तर एफबीआयसारखी राष्ट्रीय पोलीस. संपलं. एका ओळीत लाखो माणसांच्या छळाला सरकारी गणवेश घालून दिला.

म्हणून तुमच्या 'संत कशाला' ला माझं उत्तर हे की अमेरिकन वाचकाला परका माणूस परका ठेवून आवडत नाही, त्याला आधी आपल्यातला करावा लागतो. लोकशाहीवाल्या देशाने आपण स्वातंत्र्यासाठी लढतोय असं जगाला सांगितलं की मग साथीदार पण स्वातंत्र्यवालाच निघायला लागतो, नाहीतर आपलंच भाषण आपल्याला बोचतं. हुकूमशहाला दुसऱ्या हुकूमशहाबरोबर बसायला संत करावं लागत नाही, १९३९ ला हिटलरने केला का?

पोहे_सेव_जास्त (इंदूर)

सबटायटलवाली प्रिंट आहे का ताई त्या पिक्चरची? लिंक टाका ना. बाकी चालू द्या, वाचतोय.

छत्रीबाग (इंदूर)

गोपाचल भिया, सगळं बरोबर पण तुम्ही एक गोष्ट गाळताय आणि ती सगळ्यात मोठी आहे. हे कौतुक नुसतं वरून ओतलेलं नव्हतं. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियात घुसली तेव्हा लंडन-वॉशिंग्टनचे फौजी लोक सांगत होते की काही आठवड्यांत रशियाचा निकाल लागेल. लागला नाही. मॉस्को पडलं नाही, लेनिनग्राड उपासमारीत राहिलं पण पडलं नाही, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला जर्मनांची अख्खी सहावी आर्मी शरण आली. ते वाचून टॅक्सीवाल्याच्या, मजुराच्या, नर्सच्या अंगावर काटा येणारच, त्याला कुठल्या ऑफिसची सूचनापुस्तिका लागत नाही.

आता हिशोब बघा. सोव्हिएट युनियनचे या युद्धात अंदाजे २ कोटी ७० लाख लोक गेले. अमेरिकेचे साधारण ४ लाख. रूझवेल्टने १९४२ च्या उन्हाळ्यात रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह वॉशिंग्टनला आला तेव्हा त्याच वर्षी युरोपात दुसरी आघाडी उघडण्याबद्दल जाहीर निवेदन काढलं. ४२ गेलं, ४३ गेलं, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले ६ जून १९४४ ला. मधली दोन वर्षं जर्मन फौजेचा मुख्य भार रशियनांच्या छातीवर. मग तुमच्याकडे द्यायला काय आहे? ट्रक आहेत, जीप आहेत (दोन्ही मिळून ४ लाखाच्या वर दिल्या, ते काही कमी नाही, रेड आर्मी बर्लिनला पोचली ती बरीचशी अमेरिकन चाकांवर), डब्यातलं मांस आहे, आणि कौतुक आहे. कौतुक सगळ्यात स्वस्त. मला तर तो लाइफचा अंक आणि तो पिक्चर म्हणजे सैन्य पाठवायला उशीर होतोय त्याची भरपाई वाटते. दुसऱ्याचं पोरगं आपल्या वाटणीचं मरतंय तर त्याच्या बापाला निदान चांगलं तरी म्हणा.

म्हणून मी याला नुसता 'प्रचार' म्हणून मोडीत काढणार नाही. उपकाराची जाणीव खरी होती. फक्त ती जाणीव त्या सैनिकाच्या खात्यात जमा व्हायला पाहिजे होती, ती झाली क्रेमलिनमधल्या माणसाच्या खात्यात. चोरी झाली असेल तर तिथे.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

वाह, छत्रीबाग, शेवटचं एकदम पटलं.

मी ब्रिटनबद्दल लिहितो कारण तिकडचा मामला जास्त मजेशीर आहे. चर्चिल आयुष्यभर बोल्शेव्हिकांचा वैरी. २२ जून १९४१ च्या रात्री रेडिओवर त्याने स्पष्ट सांगितलं की कम्युनिझमबद्दल मी आजवर जे बोललो त्यातला एक शब्द मागे घेणार नाही, पण आता रशियाला मदत करायची. म्हणजे प्रामाणिक दोस्ती, ताईंच्या भाच्यावाली. तेवढ्यावर थांबले असते तर हा धागाच निघाला नसता. पण लोक थांबले नाहीत ना. बीबीसीवर रविवारी दोस्तराष्ट्रांची राष्ट्रगीतं वाजवायची पद्धत होती, रशिया आल्यावर प्रश्न उभा राहिला कारण तेव्हा त्यांचं राष्ट्रगीत होतं 'इंटरनॅशनल', जगातल्या कामगारांनो उठा वालं. चर्चिलने साफ नाही म्हटलं. काही महिने रशियाच्या वाट्याला दुसरंच कुठलंतरी संगीत, आणि ऐकणारे चिडलेले की आमच्या दोस्ताचं गाणं का नाही वाजवत. शेवटी वाजवावं लागलं.

मग त्यांच्या माहिती मंत्रालयाने हुशारी केली. त्यांना भीती ही की रशियाच्या कौतुकाच्या सभा इंग्लंडचे कम्युनिस्ट भरवतील आणि गर्दी त्यांच्या पदरात पडेल. तर सभा आपणच भरवायच्या! फेब्रुवारी १९४३ मध्ये रेड आर्मीच्या वर्धापनदिनाला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सरकारी इतमामात सोहळा, बँड, कविता, मंत्री, सगळं. चर्चिलबाईंनी रशियासाठी रेड क्रॉसचा फंड काढला. राजाने स्टालिनग्राडसाठी तलवार घडवून घेतली, ती तेहरानला तिन्ही बड्या नेत्यांच्या बैठकीत देण्याआधी इंग्लंडभर दर्शनाला फिरवली, वेस्टमिन्स्टर ॲबीत लोकांनी रांगा लावल्या. तेहरानला नोव्हेंबर १९४३ मध्ये चर्चिलने ती स्टॅलिनच्या हातात दिली, स्टॅलिनने मुका घेतला, आणि मग मार्शल वोरोशिलोव्हकडे गेली तेव्हा त्याने ती अशी धरली की तलवार म्यानातून सुटली. फोटो काढायला सगळे उभे आणि हे.

यात गंमत ही की रेड आर्मीचं कौतुक करा पण कम्युनिझमचं नको असं सरकारला पाहिजे होतं, आणि दोन्ही वेगळं ठेवायला सोयीचा म्हणून 'माणूस' पुढे केला. विचारसरणी धोक्याची, पण पाइप ओढणारा म्हातारा कोणाला काय करतो. मला वाटतं परक्या नेत्याची मूर्ती करायचं हे एक मोठं कारण आहे, देशाबद्दल बोलायला लागलं की शेती, तुरुंग, निवडणुका सगळं निघतं, माणसाबद्दल बोललं की नुसत्या मिशा आणि हसणं.

बाय द वे बडोद्याचं कनेक्शन पण आहे, ब्रिटनच्या हवाई दलात १२४ नंबरची स्क्वाड्रन 'बरोडा स्क्वाड्रन' म्हणून होती, स्पिटफायरवाली, गायकवाड सरकारच्या देणगीमुळे ते नाव. आमच्या इथल्या लोकांना पण हे माहीत नसतं.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

सगळं वाचलं. कौतुक खरं होतं, उपकार खरे होते, मान्य. पण मग काटिनचं काय?

एप्रिल १९४३. म्हणजे तुमचा तो लाइफचा अंक बाजारात येऊन महिना पण झाला नव्हता आणि तो पिक्चर रिलीज व्हायचा होता. स्मोलेन्स्कजवळ काटिनच्या जंगलात जर्मनांना पोलिश अधिकाऱ्यांच्या सामुदायिक कबरी सापडल्या. डोक्यात मागून गोळी. १९४० च्या वसंतात एनकेव्हीडीने सगळ्या ठिकाणचे मिळून जवळजवळ २२ हजार पोलिश मारले होते, अधिकारी, पोलीस, डॉक्टर, प्रोफेसर. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याने ते रेडिओवरून जगाला ओरडून सांगितलं. आणि हीच पंचाईत झाली, खरं बोलणारा गोबेल्स होता! आयुष्यभर खोटं बोललेल्या माणसाने एकदा खरं सांगितलं तर कोण ऐकणार. स्टॅलिन म्हणाला जर्मनांनीच मारलेत, आणि देश सोडून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारने रेड क्रॉसकडून चौकशी मागितली तर त्यांच्याशी संबंधच तोडले.

लंडनला खरं काय ते माहीत होतं. पोलिश सरकारकडे जो ब्रिटिश राजदूत होता ओवेन ओमॅली, त्याने मे महिन्यातच रिपोर्ट दिला की सगळा पुरावा रशियाकडे बोट दाखवतो. रिपोर्ट वरच्या लोकांनी वाचला आणि कपाटात गेला. अमेरिकेत जॉर्ज अर्ल म्हणून रूझवेल्टचा माणूस होता, आधी गव्हर्नर राहिलेला, त्याने कागद फोटो गोळा करून दाखवले आणि पुढे जाहीर करायची परवानगी मागितली तर रूझवेल्टने लेखी मनाई केली, आणि अर्लची रवानगी कुठे तर सामोआ बेटांवर. पॅसिफिकमध्ये. जा तिकडे नारळ मोजत बस.

मॉस्कोने कबूल केलं १९९० ला. पन्नास वर्षं त्या बायका आणि पोरांना कोणी सांगितलं नाही की तुमचा माणूस कोणी मारला. तेव्हा छत्रीबाग दादा, कौतुक 'सगळ्यात स्वस्त' नव्हतं. त्याची किंमत होती, फक्त ती अमेरिकेच्या खिशातून नाही गेली, पोलंडच्या गेली.

आणि खोटं सांगण्यापेक्षा न सांगणं जास्त चाललं हे पण बघा. त्या पिक्चरमध्ये उघड खोटं होतं म्हणून तेव्हाच लोकांनी पकडलं, तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने न्यूयॉर्क टाइम्सला मोठं पत्र लिहून चिरफाड केली, आणि पिक्चर धंद्याला पण आपटला. काटिनचं काहीच सांगितलं नाही म्हणून कोणी काही पकडलं नाही.

छत्रीबाग (इंदूर)

लष्करवाली ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही म्हणजे आहे पण चांगलं नाही. १९४३ ला रूझवेल्टच्या जागी बसून काटिन जाहीर केलं असतं आणि स्टॅलिन वेगळा तह करून बाजूला झाला असता तर? ही भीती त्यांना खरंच होती. मेलेले परत येणार नव्हते आणि जिवंत असलेले अजून मरत होते. तुम्ही म्हणाल हीच तर पळवाट, म्हणा, पण मी असतो तर मी पण कपाटातच ठेवला असता कदाचित.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

कपाटात ठेवणं समजू शकते मी. पण कपाटात ठेवून वरून पिक्चर काढणं?

सराफ्यातली_खवय्यी (इंदूर)

अरे बापरे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. काटिनची तारीख आणि पिक्चरची तारीख शेजारी ठेवून बघितलीच नव्हती मी.

आता पुढचा किडा. आपल्याकडे तेव्हा काय चित्र होतं? आपण तर इंग्रजांचे गुलाम, आपल्याला स्टॅलिन, रूझवेल्ट, हे लोक कसे दिसत होते? आजोबांच्या पिढीतले लोक रूझवेल्टचं नाव फार आदराने घ्यायचे असं आठवतं.

छत्रीबाग (इंदूर)

ताई, आपल्याकडे प्रत्येकाचा आपापला परदेशी तारणहार होता.

कम्युनिस्ट लोकांचं बघा. जून १९४१ पर्यंत हे साम्राज्यवादी युद्ध आहे, यात इंग्रजांना मदत करायची नाही. हिटलर रशियात घुसला, आणि वर्ष संपेपर्यंत तेच युद्ध 'लोकयुद्ध' झालं. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली, ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झालं आणि हे बाहेर राहिले. त्यांचं मराठी पत्र पण 'लोकयुद्ध' नावाचंच. पण नुसतं पक्षाच्या आदेशाने सगळं झालं म्हणणं पण अन्याय आहे, अण्णाभाऊ साठेंनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो काही कोणाच्या फायलीतून आला नाही. शिवरायांच्या पराक्रमाला जी शाहिरी लावायची ती हजारो मैलांवरच्या नदीकाठच्या शहराला लावली, डफ तोच, आवेश तोच. ज्याने कधी वोल्गा बघितली नाही अशा गिरणीकामगाराला ते आपलं वाटलं. हे हॉलीवूडला अमेरिकन पैसा ओतून जमलं नाही बरं का. फरक मला हा दिसतो की पवाडा त्या शहराच्या, त्या लढणाऱ्यांच्या बाजूने उभा होता, आणि पिक्चर खटल्याच्या बाजूने.

आणि रूझवेल्टचं तर आपल्या इंदूरातच प्रकरण आहे! आपले यशवंतराव होळकर, माणिकबागवाले, यांनी १९४२ मध्ये रूझवेल्टला जाहीर पत्र लिहिलं होतं की भारत आणि ब्रिटनच्या भांडणात मध्यस्थी करा. संस्थानिक, इंग्रजांच्या मेहेरबानीवर गादी टिकलेली, तो उघडपणे तिसऱ्याला बोलावतोय. दिल्लीच्या साहेबांना काय वाटलं असेल. पण ही आशा काही महाराजांच्या एकट्याच्या डोक्यातली नव्हती. ऑगस्ट १९४१ ला रूझवेल्ट आणि चर्चिलने अटलांटिक चार्टर काढला, प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क वगैरे, इकडे लोकांनी ते मनावर घेतलं. सप्टेंबरमध्ये चर्चिलने पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की ते नाझींनी बळकावलेल्या युरोपसाठी आहे, म्हणजे भारत नाही. तरी लोकांचा राग चर्चिलवर, रूझवेल्ट स्वच्छच राहिला. क्रिप्स आले तेव्हा रूझवेल्टचा दूत लुई जॉन्सन दिल्लीत खटपट करत होता, त्यामुळे आशा अजून वाढली. गांधीजींनी १ जुलै १९४२ ला रूझवेल्टला पत्र लिहिलं, आणि त्यात मात्र हातचं राखलं नाही, भारत आणि आफ्रिका लुटली जातेय आणि तुमच्या स्वतःच्या घरात काळ्या लोकांचा प्रश्न आहे तोवर ही स्वातंत्र्याची भाषा पोकळ वाटते असं साफ सांगितलं. गांधीजींना मूर्ती करायची हौस नव्हती, निदान या बाबतीत. ऑगस्टमध्ये सगळे आत गेले आणि रूझवेल्टने चर्चिलला दुखवायचं टाळलं. पुढच्या वर्षी गांधीजींचं उपोषण चालू असताना त्याचा नवा दूत फिलिप्स इथेच होता, त्याला भेटू पण दिलं नाही.

म्हणजे अमेरिका जे स्टॅलिनबरोबर करत होती तेच आपण अमेरिकेच्या साहेबाबरोबर करत होतो. आणि आपल्यामागे तर कुठलं ऑफिस पण नव्हतं.

रावपुरा_रिटायर्ड (वडोदरा)

सर्वांचं वाचून आनंद झाला. एक उणीव आहे ती भरून काढतो. आमच्या लहानपणी ज्येष्ठ मंडळींमध्ये हिटलरबद्दल पण छुपी आस्था असायची. बर्लिनहून नेताजींचं आझाद हिंद रेडिओ लागायचं, लोक आवाज बारीक करून ऐकायचे, आणि त्या ओघात हिटलर म्हणजे इंग्रजांना धडा शिकवणारा, शिस्तीचा माणूस असं काहीतरी डोक्यात बसलं. ते अजून पूर्ण गेलेलं नाही. फूटपाथवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र आजही मांडलेलं दिसतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी!

घेणाऱ्यांपैकी किती जण आत वाचतात देव जाणे. कारण त्याच पुस्तकात तो लिहितो की भारत दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला मला बरा. आणि १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटायला गेले, हे हॅलिफॅक्स म्हणजे आपले जुने व्हाइसरॉय अर्विन, गांधी-अर्विन करारवाले, त्यांना याने सल्ला काय दिला तर गांधीला गोळी घाला, पुरेसं नसेल तर काँग्रेसच्या पुढाऱ्यांना घाला. ज्यांना तो शिस्तीचा वाटतो त्यांनी ही शिस्त कोणासाठी होती ते बघावं.

अमेरिकेच्या स्टॅलिनप्रेमाला निदान दोस्तीचं निमित्त होतं. आपल्याकडे हिटलरला ज्यांनी मानलं त्यांच्यासाठी त्याने बोट पण हलवलं नव्हतं.

पोहे_सेव_जास्त (इंदूर)

काका, हे हॅलिफॅक्सवालं पहिल्यांदा कळलं. आमच्या कॉलेजमध्ये एक सर होते ते हिटलरच्या टाइम मॅनेजमेंटवर लेक्चर द्यायचे, आता वाटतं तेव्हा विचारायला पाहिजे होतं.

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

रावपुरा काका, एक ॲड करतो. नेताजींना स्वतःला पण ते पुस्तकातलं लिखाण माहीत होतं, मे १९४२ ला हिटलरला भेटले तेव्हा त्यांनी तो विषय काढला होता असं इतिहासकार लिहितात. म्हणजे जो माणूस प्रत्यक्ष मदत मागायला गेला तो डोळे उघडे ठेवून होता आणि घरी बसून रेडिओ ऐकणारे भाळले.

गोपाचल (ग्वाल्हेर)

ताईंचा तिसरा प्रश्न राहिला ना, परत राक्षस कसा झाला. तो एका रात्रीत नाही झाला, आणि अगदी वरच्या लोकांच्या मनातून पण लवकर गेला नाही. जून १९४८ मध्ये, म्हणजे कम्युनिझमला रोखायचं धोरण, ट्रुमन डॉक्ट्रिन, येऊन वर्ष झालेलं, चेकोस्लोव्हाकिया कम्युनिस्टांनी घेतलेला, अशा वेळी प्रेसिडेंट ट्रुमन रेल्वेतून दौरा करताना ऑरेगॉनमध्ये बोलून गेला की मला ओल्ड जो आवडतो, चांगला माणूस आहे, पण बिचारा पॉलिटब्युरोच्या (पक्षाच्या वरच्या मंडळाच्या) कैदेत आहे. हे अमेरिकेचा अध्यक्ष म्हणतोय, आणि तो ट्रुमन की ज्याने जून १९४१ ला सिनेटर असताना म्हटलं होतं की जर्मनी जिंकताना दिसली तर रशियाला मदत करू आणि रशिया जिंकताना दिसला तर जर्मनीला, म्हणजे दोघं एकमेकांना जितके मारतील तितके बरे. असा पक्का माणूस सुद्धा १९४५ ला पॉट्सडॅमच्या बैठकीत स्टॅलिनसमोर बसल्यावर त्या पाइपला भुलला.

राजा चांगला, कारभारी वाईट, ही समजूत आपल्याकडच्या सगळ्या संस्थानांत होतीच, ती ट्रुमनकडे पण निघाली याचं मला फार हसू येतं.

बाकी हिशोब हॉलीवूडच्या माथ्यावर फुटला. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या (त्यांच्या संसदेच्या) कमिटीने स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नरला बोलावून विचारलं की हा पिक्चर काढलाच कसा, तो म्हणाला युद्ध चालू होतं, दोस्ताला मदत म्हणून काढला. त्याच सुनावणीत दुसऱ्या एका रशियावरच्या पिक्चरबद्दल एक लेखिका साक्ष द्यायला आलेली, मूळची रशियाची, आयन रँड, ती तक्रार करते की यात रशियन लोक फार हसताना दाखवलेत. कमिटीतला एक मेंबर वैतागून विचारतो, का हो बाई, रशियात आता कोणी हसतच नाही का? ती म्हणते, खरं विचाराल तर जवळजवळ नाहीच.

आणि ताई, ज्या पिक्चरवरून तुम्ही हे सगळं सुरू केलंत त्याचं पुढे काय झालं सांगतो. पडद्यावर येऊन 'खरंखुरं सांगतो' म्हणणारा डेव्हिस, त्याला १९४५ मध्ये सोव्हिएट सरकारने ऑर्डर ऑफ लेनिन दिलं, अमेरिकेने पण पदक दिलं. आणि पटकथा लिहिणारा हॉवर्ड कॉख, जो सुरुवातीला लिहायला तयार नव्हता आणि स्टुडिओच्या मालकांनी गळ घातली म्हणून बसला, त्याला ब्लॅकलिस्ट केलं. वर्षानुवर्षं हॉलीवूडमध्ये काम नाही, शेवटी देश सोडून इंग्लंडला जाऊन टोपणनावाने लिहायला लागला.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

कॉख म्हणजे 'कॅसाब्लांका' लिहिणाऱ्यातला तो कॉख?

गोपाचल (ग्वाल्हेर)

हो तोच. आणि दिग्दर्शक पण तोच, मायकेल कर्टीझ. त्याला मात्र कोणी हात लावला नाही.